इतर हक्कांचा रकाना

आमच्या विंचूर गावात जमीन बापाकडून पोराकडे येते आणि फोन पोराकडून बापाकडे जातो. पुण्यात नोकरीला लागलेला पोरगा दिवाळीला नवा हँडसेट घेतो, त्याचा जुना वडिलांकडे, वडिलांचा आईकडे, आणि आईचा, काचेला तडा गेलेला, मळ्यातल्या सालगड्याकडे. प्रत्येक पायरीवर फोन थोडा मंद होतो, त्यातलं एखादं ॲप चालेनासं होतं. माझं काम या उतरंडीच्या अगदी खालच्या पायरीवर चालतं. मी मोबाइलसाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे ज्या फोनवर त्याच्या कंपनीनंच पाणी सोडलंय, त्यावर लिनक्स चालावं म्हणून धडपडते. त्याचे पैसे मिळत नाहीत. पोटासाठी दुसरं काम करते, तेही घरूनच. हे शेवटचं वाक्य ऐकलं की पाहुण्यांना हायसं वाटतं.

माझ्या लहानपणी फोन हायवेवरच्या एसटीडी बूथमध्ये असायचा. बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी बोलायला अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे रांगेत उभे राहायचे आणि डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर ठेवून बोलायचे. खेड्यांत हे फोन पोचले त्यामागे 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेचं मोठं काम होतं. धूळ, उकाडा, जाणारी-येणारी वीज गृहीत धरून, वातानुकूलनाशिवाय चालेल असं छोटं ग्रामीण एक्स्चेंज तिथल्या अभियंत्यांनी बनवलं आणि ते तंत्र अनेक कारखान्यांना बनवायला दिलं. मला हे कळलं फार उशिरा, पण आजही कोणी ‘आपल्याकडे असं काही होत नाही’ म्हणालं की मी सी-डॉटचं नाव काढते.

मग नोकियाचा 1100 आला, टॉर्चवाला. पहाटे ट्रॅक्टरला कांद्याच्या जाळ्या लावताना तो तोंडात धरलेले लोक मी पाहिलेत. तो फोन खोलता यायचा, कीपॅड बदलता यायचा, बॅटरी नखानं निघायची. आतलं सॉफ्टवेअर मात्र पूर्ण बंद होतं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही. फोन तेव्हा फोनच होता.

नाशिकला इंजिनीअरिंगला असताना लिनक्सची सीडी हातात पडली आणि सुट्ट्यांमधल्या पुण्याच्या फेऱ्या वाढल्या. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट होता, सिंबायोसिसमध्ये दर वर्षी ‘जीएनयूनिफाय’ भरायचं. तिथेच कुणाच्या तरी हातात पहिल्यांदा ओपनमोकोचा निओ फ्रीरनर पाहिला. 2008 सालचा, साबणाच्या वडीसारखा जाडजूड. तैवानमध्ये बनलेल्या या फोनचं सॉफ्टवेअर तर खुलं होतंच, पण सर्किटचे नकाशे आणि कवचाच्या साच्याची फाइलही कंपनीनं जगाला देऊन टाकली होती. अख्ख्या फोनचा आराखडा असा उघड्यावर मांडलेला मी तोवर पाहिला नव्हता. 400 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 128 एमबी मेमरी, थ्रीजी नाही. कॉलवर खरखर येणं हा त्याचा सर्वांना माहीत असलेला दोष. नकाशे उघडे असल्यामुळे लोकांनीच तो शोधला, कुठला भाग बदलायचा ते ठरवलं आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन घरोघर दुरुस्तही केला. एप्रिल 2009 मध्ये कंपनीनं पुढचा फोन बनवणं थांबवलं. आयफोन तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. मी मात्र त्या जाडजूड वडीवर भाळले ती भाळलेच.

त्या काळातलं माझं पहिलं खरं काम अगदी बारीक होतं, आणि ते एका अक्षरासाठी होतं. फोनच्या पडद्यावर ‘शेतकऱ्याला’ नीट उमटत नसे. रकाराची ती पापणीसारखी रेघ हिंदीला लागत नाही, म्हणून ती बऱ्याच फाँटमध्ये नसायचीच. रेघेऐवजी पाय मोडलेला सुटा र आणि त्यामागे ‘या’. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर तर सगळं मराठी चौकोनी डब्यांत यायचं. या गोष्टी ज्यांनी निस्तरल्या त्यांतले कितीतरी जण आपल्या आसपासचे होते. ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट पुण्याच्या रेड हॅटमध्ये सांभाळले गेले, आणि त्यात मराठी वळणाचे ल आणि श असलेला मराठीचा वेगळा फाँट होता. अक्षरं जुळवून योग्य क्रमानं मांडणारं ‘हार्फबझ’ हे मुक्त सॉफ्टवेअर आज अँड्रॉइडमध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्येही आहे. अण्णांना व्हॉट्सॲपवर कांद्याच्या भावाचा मेसेज येतो तेव्हा तो वाचता येण्यामागे ज्यांची मेहनत आहे, त्यांतल्या अनेकांनी ती कोणालाही वापरायला देऊन टाकलेली असते. माझ्या वाट्याला यातलं फार थोडं आलं: चाचण्या करणं, चुका कळवणं, दोन-चार दुरुस्त्या. पण त्या दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या तेव्हाचा आनंद पुढे कुठल्याही पगारवाढीनं दिला नाही.

मध्ये एकदा वाटलं होतं की जमलं. ऑगस्ट 2014 मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर चालणारा इंटेक्सचा क्लाउड एफएक्स भारतात आला, किंमत 1,999 रुपये. मोझिलाची ती सिस्टीम पूर्ण खुली, ॲप म्हणजे साधं वेबपान, कुणीही लिहावं. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलानं फोनचा नाद सोडला. पण सोर्स कोड खुला असल्यानं तो मेला नाही. त्यातूनच कायओएस निघालं आणि 2017 साली 1,500 रुपये अनामत घेऊन आलेल्या जिओफोनमध्ये जाऊन बसलं. बाजार समितीच्या विंचूरच्या उपआवारात हमालांच्या खिशात तो दिसायला लागला. खुल्या सॉफ्टवेअरचा एवढा प्रसार मी स्वप्नातही कल्पिला नव्हता, आणि त्या फोनवर मालकाला स्वतःच्या मनानं काही घालायची सोय नव्हती! बीज सगळ्यांचं, पीक कुलपात. मी त्यावर बराच काळ चिडलेली होते. मग एकदा एका हमालाला त्यावर भजन ऐकताना पाहिलं आणि चीड जरा उतरली, पूर्ण नाही.

हे सगळं अण्णांना कसं समजवायचं हा प्रश्न होता. उत्तर त्यांच्याच कपाटात सापडलं. आमचे पणजोबा कूळ होते. 1948 चा कूळकायदा झाला, पुढे 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं कसणाऱ्याला मालक मानलं, आणि घरच्या सातबाऱ्यावर आमचं नाव लागलं. अण्णांच्या लेखी सातबाऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना नावाचा नसतो, ‘इतर हक्कां’चा असतो. सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुणाची वहिवाट, सगळं तिथे. जमीन घ्यायला निघालेला माणूस आधी तो रकाना बघतो. मी म्हणाले, “अण्णा, तुमच्या फोनचा सातबारा काढला तर नाव तुमचंच आहे. पण इतर हक्कांत बघा. चालू होताना पहिला कोणता प्रोग्रॅम चालवायचा हे ठरवायचं कुलूप कंपनीकडे. किती वर्षं दुरुस्त्या द्यायच्या ते कंपनीच्या मर्जीवर. कुठलं ॲप घालू द्यायचं ते तिसऱ्याच्या हाती.” अण्णांनी फोन उलटा करून पाहिला आणि विचारलं, “मग हा बोजा उतरवायचा कसा?” गेली काही वर्षं मी या एका प्रश्नाच्या मागे आहे.

2020 च्या टाळेबंदीत पुण्याची खोली सोडून मी विंचूरला आले आणि परत गेलेच नाही. इथे माझा खरा सहकारी म्हणजे स्टँडजवळचा मोबाइल रिपेअरवाला. तो मला ताई म्हणतो आणि माझ्या कामाला ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतो, जे अगदी बरोबर आहे. हीट गन चालवणं, कॉम्बो म्हणजे काच-डिस्प्लेचा जोड बदलणं, टेस्ट पॉइंटला चिमटा टेकवून फोन जागा करणं, ही विद्या त्याची. कुलपांबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त तो त्यावर लेख लिहीत नाही. त्याच्या खणात मेलेले फोन असतात. पहिल्या दिवशी मी त्यातून रेडमी 2 वेगळे काढले तेव्हा त्याला वाटलं मला सुटे भाग हवेत. “ताई, यांना कोण विचारतं आता?”

विचारण्याचं कारण असं. या फोनमध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन 410 ही चिप आहे. हीच चिप 2015 साली अभियंत्यांसाठी काढलेल्या ड्रॅगनबोर्ड नावाच्या एका प्रयोगाच्या बोर्डावर बसवलेली होती. त्या बोर्डासाठी लिनारो या संस्थेनं लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, कोड घातला, आणि तीच चिप असलेले स्वस्तातले फोन अचानक जगवण्याजोगे झाले. फोन बनवणाऱ्याच्या मनातही नसेल. पुढे स्नॅपड्रॅगन 845 च्या बाबतीत तसंच घडलं, म्हणून 2018 चा पोको एफ1 आज आम्हा मंडळींचा लाडका आहे. त्याची एक गंमत आहे: फोन एकच, खोकं एकच, पण आतली काच कधी तियान्माची तर कधी ईबीबीजीची. कर्नलला कुठला भाग कुठे आहे हे सांगणारी एक फाइल असते, डिव्हाइस ट्री. काचेप्रमाणे ती बदलते. चुकीची दिली की फोन आतून चालू आणि पडदा काळा.

या फोनांवर मी पोस्टमार्केटओएस ही लिनक्सची सिस्टीम घालते. 2017 साली सुरू झालेला हा प्रकल्प. फोन दहा वर्षं चालला पाहिजे एवढीच त्यामागची मूळ जिद्द. ‘एवढीच’ म्हणायला काय जातं! पडदा, स्पर्श, वायफाय हळूहळू जमतं. कॅमेरा छळतो. आणि मॉडेम हा तर फोनच्या पोटात बसलेला दुसराच संगणक, स्वतःचं बंद सॉफ्टवेअर घेऊन आलेला. त्याच्याशी बोलता येतं, त्याच्यात डोकावता येत नाही. युरोपातल्या मित्रांना कल्पना नसते अशी एक अडचण इथे आहे. जिओचं जाळं 2016 साली सुरू झालं तेव्हापासून त्यावर टूजी-थ्रीजी नाहीच; साधा आवाजसुद्धा व्होल्टीवरून, म्हणजे फोरजीच्या डेटावरून, जातो. अशा जुन्या फोनांवर खुल्या सॉफ्टवेअरनं व्होल्टी चालवणं अजून जिकिरीचं आहे. म्हणजे इतकं सगळं करून फोन तयार झाला तरी गावातल्या निम्म्या लोकांचं सिम घातलं की तो मुका. रिपेअरवाल्याचा प्रत्येक वेळचा पहिला प्रश्न तोच: “ताई, कॉल लागतो का?” टूजी चालू असलेलं सिम घातलं की लागतो. हे उत्तर त्याला पटत नाही, आणि पटू नयेच.

दुसरी अडचण पैशाची. बँकांची ॲप फोनचं कुलूप उघडलेलं दिसलं की चालायचं नाकारतात. त्यांच्या मते कुलूप मालकानं उघडलं काय नि चोरानं उघडलं काय, सारखंच. मी आग्रहानं *99# लावून पैसे पाठवते. मेनूतून एकेक आकडा दाबत जायचं, मागे रांग लागली असेल तर लोकांच्या नजरा झेलायच्या. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते: पैसे पाठवायला विशिष्ट कंपनीची मंजुरी असलेला फोन लागतोच असं नाही. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं साध्या फोनसाठी यूपीआय 123पे आणलं तेही याच समजुतीतून. शेतकऱ्याच्या फोनचं ओझं तर वाढतच चाललंय. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवरून करायची. सातबाऱ्याची वाटच आता फोनमधून जाते. तेव्हा फोन किती वर्षं चालेल हा छंदाचा विषय उरलेला नाही.

माझ्या आशा म्हणाल तर पूर्वीपेक्षा लहान झाल्यात, आणि त्यामुळे जास्त खऱ्या. संपूर्ण खुला भारतीय फोन, हे स्वप्न मी पाहत नाही. दर काही वर्षांनी स्वदेशी सिस्टीमची घोषणा होते, टाळ्या वाजतात; मी आधी सोर्स कोड कुठे मिळेल ते विचारते. मला हवंय ते एका ओळीचं: कंपनी दुरुस्त्या देणं थांबवेल त्या दिवशी तिनं कुलपाची किल्ली मालकाला द्यावी. युरोपात 20 जून 2025 पासून नियम आला, विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सिस्टीमच्या दुरुस्त्या आणि सात वर्षं सुटे भाग द्यायचे. किल्लीबद्दल मात्र त्या नियमातही काही नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काची आखणी केली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारं आणि मोबाइल शेजारी-शेजारी होते. ज्या कुणाला हे सुचलं त्याचं शेत नक्की आमच्याकडे असणार. दुसरीकडे, ऑगस्ट 2025 मध्ये गूगलनं जाहीर केलं की दुकानाबाहेरून घातलेल्या ॲपच्या कर्त्यालाही आधी त्यांच्याकडे ओळख नोंदवावी लागेल. माझ्या अंगणात झाड लावायला तिसऱ्याची परवानगी! फसवणूक थांबवायला हवी हे मान्य. फोनवरून लुबाडले गेलेले लोक आमच्या गल्लीतही आहेत. पण सगळ्यांच्या दाराची कडी बाहेरून लावणं हा मला उपाय वाटत नाही.

तोवर खणातल्या फोनांना काम शोधणं चालू आहे. कॉल लागत नसला तरी रेडमी 2 हा एक छान छोटा संगणक आहे, बॅटरीसकट, म्हणजे वीज गेली तरी चालणारा. त्यातला एक यंदा उन्हाळ कांद्याच्या चाळीत टांगला. वायफायवरचे स्वस्त सेन्सर त्याला उष्णता आणि आर्द्रता कळवतात, तो नोंद ठेवतो आणि मर्यादा ओलांडली की मेसेज पाठवतो. मर्यादा कुठली, यावर घरात एकमत नाही. पुस्तकं म्हणतात साठवणीला 65 ते 70 टक्के आर्द्रता बरी, म्हणून मी 70 ठेवली. विंचूरच्या पावसाळ्यात ती रोजच ओलांडली जाते आणि अण्णांचा फोन रात्रभर किणकिणतो. ते म्हणतात 80 कर. मी म्हणते, 80 ला कोंब फुटायला लागलेले असतील. शेवटी त्यांनी विचारलं, हा आकडा बदलायचा कुठे. मी फाइल उघडून दाखवली, चष्मा लावून त्यांनी ओळ शोधली आणि 75 करून टाकली. मला न विचारता.