आमादेर घर

बंगालीतून मराठीत अनुवाद करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, बंगाली कुठे शिकलात? मी विद्यापीठाचं नाव सांगते आणि ते खोटं नाही. जादवपूरचा तुलनात्मक साहित्याचा विभाग १९५६ साली बुद्धदेव बसूंनी सुरू केला. कालिदासाचं 'मेघदूत' आणि बोदलेअरच्या कविता या दोन्ही गोष्टी बंगालीत आणणाऱ्या माणसाने उभा केलेला तो विभाग. तिथे एम.ए. करायला मी २०००च्या पावसाळ्यात सोलापूरहून गेले. पण बंगाली मी खरी शिकले ती मुलींच्या वसतिगृहात, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खाटांच्या खोलीत.

खोलीत आम्ही तिघी. एक मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या बहरमपूरची, एक इंफाळची आणि मी. वसतिगृहात नावांच्या आधी गावं पाठ होतात. पहिले काही आठवडे आम्ही एकमेकींना गावाच्याच नावाने हाक मारली आणि पुढे ती सवय सुटली नाही. इथेही तीच नावं ठेवते.

सकाळी न्हाणीघरापुढे बादल्यांची रांग लागे. माणूस नसलं तरी चाले, बादली असली म्हणजे नंबर पक्का. मेसमध्ये दोन्ही वेळा भात, मसुराची पातळ डाळ, बटाटा-परवराची भाजी आणि माशाचा झोल. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं माझं पोट त्या भाताने भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी मी भातावर घालून खायची. इंफाळच्या डब्यात आंबवलेला मासा होता. त्याच्या वासाने शेजारच्या खोल्यांची दारं लागायची. एका रात्री तिने मेसमधून उकडलेले बटाटे आणले, त्यात तो मासा आणि मिरच्या कुस्करून इरोंबा केला. बहरमपूरने त्यात माझी चटणी ओतली. इंफाळ म्हणाली की हे तिच्या आईला कळलं तर ती तिला घरात घेणार नाही. वाटी मात्र तिनेच पुसून खाल्ली.

आमची आपसातली भाषा म्हणजे तिघींपैकी कुणाचीच नसलेली हिंदी. हळूहळू तिच्यात बंगाली शिरत गेली. मराठी माणसाला बंगाली सोपी वाटते, कारण निम्मे शब्द ओळखीचे निघतात. त्यातले बरेच फसवे असतात. बहरमपूर म्हणाली, 'आमि चेष्टा कोरबो,' तेव्हा ही आपली थट्टा करणार असं मला वाटलं. ती प्रयत्न करीन म्हणत होती. तिचे वडील शाळामास्तर. त्यांचं सगळं आयुष्य 'शिक्षा' देण्यात गेलं असं ती कौतुकाने सांगे आणि माझ्या डोळ्यांपुढे छडी येई. सगळ्यात गोड फसवणूक 'घर' या शब्दाची. बंगालीत घर म्हणजे खोली. आपल्या घराला ते 'बाडी' म्हणतात. 'आमादेर घरे एशो,' असं ती व्हरांड्यातल्या मुलींना बोलावे, म्हणजे आमच्या खोलीत या. मला दर वेळी 'आमच्या घरी या' असंच ऐकू येई. पूजेची सुट्टी येईपर्यंत मी तो अर्थ दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

इंफाळची गोष्ट वेगळी होती. मणिपुरी तेव्हा सर्रास बंगाली लिपीत लिहिली जाई. शाळांमध्ये मैतेई मयेक लिपी परत आली ती नंतर. त्यामुळे इंफाळला घरून येणारी पत्रं बहरमपूरला वाचता येत, कळत मात्र नसत. माझं उलट होतं. बंगाली कानाला अर्धीमुर्धी कळे, डोळ्यांना अक्षर लागत नसे. नोव्हेंबरात इंफाळ तापाने फणफणली आणि नेमकं त्याच दिवशी तिच्या आईचं पत्र आलं. डोकं इतकं दुखत होतं की तिला कागदाकडे बघवेना. मग बहरमपूर खाटेच्या कडेवर बसून ते मोठ्याने वाचायला लागली. मणिपुरीत सुरावर अर्थ बदलतो; बहरमपूरचे सूर सगळे बंगाली. पहिलं पान होईपर्यंत इंफाळ उशीत तोंड खुपसून हसत होती. दुसऱ्या पानावर ती गप्प झाली. बहरमपूर तशीच, एक शब्दही न कळता, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. मग तिने पत्र घडी करून इंफाळच्या उशीखाली ठेवलं. काय लिहिलं होतं ते इंफाळने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

फोन अख्ख्या वसतिगृहात एकच, तळमजल्यावर. जी जवळ असेल तिने उचलायचा आणि जिन्यात उभं राहून नावाचा पुकारा करायचा. डिसेंबरच्या एका संध्याकाळी मी बाहेरून येत होते आणि फोन वाजला. बहरमपूरचे काका होते. मी त्यांच्या पुतणीच्या खोलीतली, हे कळल्यावर ते म्हणाले, 'दादा आर नेई.'

दादा आता नाही. वाक्य मला कळलं, माणूस कळला नाही. बहरमपूरला मोठा भाऊ होता आणि ती त्याला दादाच म्हणायची. पण बोलत होते काका, आणि काकांचा दादा म्हणजे तिचे वडील. शब्द आपल्याकडेही हाच आणि घोटाळाही हाच. मला विचारणं भाग होतं. ज्या माणसाला ते वाक्य एकदा उच्चारणंच जड गेलं होतं, त्याला मी विचारलं, 'कोन दादा?' पलीकडे काही क्षण नुसती खरखर. मग ते म्हणाले, 'ओर बाबा.' तिचे वडील. आणि पुढे म्हणाले, 'ओके बोलो ना. बोलो, शोरीर खाराप.' तिला सांगू नकोस. सांग, तब्येत बरी नाही. कोलकात्यात राहणारा तिचा मावसभाऊ सियालदहला येणार होता, तो तिला घेऊन जाईल.

दोन मजले चढेपर्यंत मी शब्द जुळवत होते. आपल्याकडेही असंच सांगतात: सीरियस आहेत, लगेच निघ. वाटेत माणसाचं मन तयार होतं म्हणतात. मी खोलीत गेले आणि म्हणाले, काकांचा फोन होता, बाबांना बरं नाही, आजच निघायचंय.

बहरमपूरने माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. तिने विचारलं, 'काका नेमके काय म्हणाले? त्यांचे शब्द सांग.'

काकांनी मला जे सांगू नकोस म्हटलं होतं, ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. पण शब्द ती तिचे स्वतःचे मागत होती. तिच्या घरातले, तिच्या भाषेतले. मी म्हणाले, 'काका म्हणाले, बोलो, शोरीर खाराप.'

'बोलो म्हणाले?'

'हो.'

ती खाटेवर बसली. थोड्या वेळाने उठून पिशवी भरू लागली. इंफाळने खालून पाणी आणलं, तिच्या चपला काढून ठेवल्या, माझ्याकडे बघितलं आणि तिलाही काही सांगावं लागलं नाही.

आम्ही दोघी तिला सोडायला गेलो. जादवपूरहून लोकलने सियालदह, दक्षिण शाखेच्या फलाटावरून चालत मुख्य शाखेकडे, जिथून लालगोल्याच्या गाड्या सुटतात. मावसभाऊ आधीच येऊन उभा होता. वाटेत कुणी काही बोललं नाही. लोकलमध्ये इंफाळने तिचा हात धरून ठेवला होता, तेवढंच. गाडी सुटताना बहरमपूर खिडकीतून म्हणाली, 'आशि.' येते. निघणाऱ्याने 'जाते' म्हणायचं नाही, हा नेम आपलाही. तो एक शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखा होता.

ती परतली तेव्हा नवं वर्ष लागलं होतं. सरकारी कागदावर शहराचं नाव कोलकाता झालं होतं. तिने येताना नोलेन गूळ आणला होता. घरच्यांबद्दल ती थोडं बोलली, फोनबद्दल काहीच नाही. फक्त तोवर मला 'तुमी' म्हणणारी ती त्या दिवसापासून 'तुई' म्हणायला लागली. मीही तिला तुई म्हणू लागले. इंफाळ आम्हा दोघींना, बंगालीत एरवी कच्ची असूनही, पहिल्या दिवसापासून तुईच म्हणत आली होती.

आज काम करताना बंगालीतला एखादा शब्द जसाच्या तसा मराठीत असला की मी तिथेच थांबते. अनोळखी शब्दासाठी कोश उघडता येतो. ओळखीचा शब्द न विचारताच आत येतो. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, हे पुन्हा विचारावं लागतं, आणि कधी कधी अशा वेळी विचारावं लागतं की प्रश्न क्रूर वाटावा.

बहरमपूर तिच्या गावी शाळेत शिकवते, इंफाळ इंफाळातच आहे. फोन होतात, पण वेळा जुळत नाहीत; रात्री उशिरा, नाहीतर भल्या पहाटे. आमच्यात एक नेम आहे, जो कधी कुणी ठरवला नाही. अवेळी फोन केला की नाव सांगायच्या आधी, कशी आहेस विचारायच्या आधी, पहिलं वाक्य म्हणायचं: सगळं ठीक आहे. मग बाकीचं.