बेण्यातला पाहुणा

'बटाटा' हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. आमच्या मानपाड्यात भाजीवाला इंदूरचा आणि तळेगावचा असे ढीग मांडतो. आपण टणक बघून निवडतो आणि पिशवीत टाकतो. या गरीब कंदाला आजार असतात, हे कोणाच्या मनातही येत नाही.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो भीषण दुष्काळ पडला, तो करप्यामुळे. करपा उभे पीक बघता बघता काळे करतो. विषाणूची रीत निराळी. तो बेण्यात मुकाट्याने दडून बसतो आणि एका हंगामातून पुढच्या हंगामात उतरतो.

गेल्या शतकाच्या अखेरीस उत्तर भारतातील बटाट्याचे शेंडे मुडपू लागले, झाडे खुजी राहू लागली. माव्यामार्फत पसरणारे विषाणू जुन्या ओळखीचे होते; येथे मात्र वाहक निघाली पांढरी माशी. २००१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जोडीजोडीने चिकटलेले जुळे कण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांवरून घराणे कळले, नाव नव्हे. पुढे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेतील आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच्या डीएनएची अक्षरे जुळवून पाहिली. २००४ मध्ये उलगडा झाला: हा तर टोमॅटोची पाने मुरडणाऱ्या नवी दिल्लीच्या विषाणूचाच एक भाऊबंद! शेजारच्या वाफ्यातला भाडेकरू बटाट्याच्या घरात शिरला होता. पुढे वाणांची पारख झाली, तेव्हा 'कुफरी बहार' त्याला पुष्कळ दाद न देणारा ठरला. एकाच रोगापुढे दोन वाण इतके वेगळे वागावेत, याचे मला अजून नवल वाटते.

माझा एक जुना सहकारी निवृत्तीनंतर आंबेगाव तालुक्यातल्या वडिलोपार्जित शेतीवर राहतो. तिकडे बटाटा पावसाळ्यात लावतात आणि बेणे पंजाबातून येते. त्याला मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "तुमच्या शास्त्रज्ञांना पानाचा तुकडा पुरतो. मी कर्ज काढून बेणे घेतो, तेव्हा माझ्यापुढे नुसते शिवलेले पोते असते."

रोगट झाडाला औषध नाही. ते उपटावे लागते, माशी आवरावी लागते, तपासलेले बेणे मिळवावे लागते. हल्ली तो प्रत्येक पोत्यातले चार कंद आधी कुंडीत लावून पाने न्याहाळतो. व्यापाऱ्याला तेवढा धीर नसतो.