कुठला राउटर घेऊ?

आमच्या भावकीत मी एकटाच सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे प्रिंटर अडकला, सातबारा डाउनलोड होईना, कुणाचा फोन पाण्यात पडला, की कॉल मला. मी वाकडला बसून बॅकएंडचा कोड लिहितो आणि प्रिंटरशी माझा संबंध कॉलेजच्या जर्नलपुरता होता, हे पणदऱ्यात कुणालाही पटलेलं नाही. गेल्या काही वर्षांत या कॉलमध्ये एका प्रश्नाची भर पडली आहे. "घरी फायबर घेतोय. कुठला राउटर घेऊ? जास्त महाग नको."

माझं उत्तर ठरलेलं असायचं. एक लिंक पाठवायची आणि खाली लिहायचं, 'हा घे, डोळे झाकून.' गेल्या हिवाळ्यात हाच प्रश्न मला स्वतःला पडला, तेव्हा डोळे उघडे ठेवूनही माझं उत्तर चुकलं.

झालं असं, की आप्पा रात्रीच्या लाइटवर उसाला दारं धरायला गेले आणि पाटाच्या कडेला घसरले. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं आणि आठवड्याने ते वॉकर घेऊन घरी आले. घरात आई एकटी. तिच्याने आप्पांना उठवणं-बसवणं होणार नव्हतं. मी मॅनेजरला तीन महिने घरून काम मागितलं. तो हो म्हणाला, पण एका अटीवर. "नेट पक्कं हवं. क्लायंटच्या कॉलवर तू दिसला-ऐकू आला नाहीस, तर मला तुला परत बोलवावं लागेल." क्लायंट अमेरिकेतला. म्हणजे कॉल रात्री नऊनंतर, कधीकधी साडेबारापर्यंत.

आता घर समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं घर जुनं, दगड-मातीचं. पुढे सोपा, मग माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि नंतर बांधलेलं संडास-बाथरूम. मधल्या भिंती दोन-दोन फूट जाड. केबलवाल्याने फायबर सोप्यात आणून सोडलेलं, आणि त्याने दिलेला डबा तिथेच खिळ्याला लटकलेला. आप्पांची कॉट मात्र माजघरात, कारण बाथरूम तिथून जवळ आणि मध्ये पायरी नाही. मला रात्री काम करताना आप्पांची हाक ऐकू यायला हवी होती. म्हणजे माझं टेबल माजघरात, कॉटशेजारी. तिथे त्या डब्याचं नेट जेमतेम एक कांडी दाखवायचं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा, तर भिंतींनी मोबाइलची रेंजही खाल्लेली.

मी इंजिनिअर माणूस. मी ठरवलं, चांगला राउटर आणायचा. आणि तुलना करायला बसलो.

राउटरच्या खोक्यावर एक आकडा मोठ्या अक्षरात असतो. एन300, एसी750, एसी1200, एएक्स1500. अक्षरं पिढी सांगतात. 2018 पासून वायफाय अलायन्सने त्यांना सोपी नावं दिली. एन म्हणजे वायफाय 4, एसी म्हणजे वायफाय 5, एएक्स म्हणजे वायफाय 6. पुढचा आकडा वेगाचा, पण तो बेरजेचा असतो. एसी1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवर 300 आणि 5 गिगाहर्ट्झवर 867, आणि वर थोडं गोल केलेलं. तुमचा फोन एका वेळी सहसा यातल्या एकाच बँडवर असतो, त्यामुळे 1200 चा वेग त्याला कधीच मिळत नाही. शिवाय हे कागदावरचे कमाल आकडे. राउटरच्या समोर बसूनही त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तरी चांगलं म्हणायचं.

दुसरी गोष्ट खोक्याच्या मागे, बारीक अक्षरांत असते. वायर लावायचे पोर्ट. टीपी-लिंकच्या आर्चर सी50 आणि आर्चर सी6, दोघांवर एसी1200 लिहिलेलं असतं. पण सी50 चे पोर्ट 100 एमबीपीएसचे आणि सी6 चे गिगाबिट, म्हणजे 1000 चे. तुमचा प्लॅन 200 चा असेल, तर 100 च्या पोर्टमधून 95 च्या वर काही येणार नाही, मग हवेत 867 असो नाहीतर आणखी काही. पाटाला कितीही पाणी असलं तरी सारंगाच्या तोंडाएवढंच शेतात येतं, तसंच. आमचा प्लॅन 100 चा होता, त्यामुळे आम्हाला दोन्ही चालले असते. प्लॅन त्याहून मोठा असेल, तर 'गिगाबिट' हा शब्द शोधूनच पैसे द्या.

तिसरी गोष्ट अँटेना. चार अँटेना म्हणजे दुप्पट रेंज, असं दुकानदारही सांगतो. रेंज फक्त अँटेनांच्या संख्येवर नसते. राउटरने किती ताकदीने लहरी सोडायच्या याला कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे हजाराचा आणि चार हजाराचा राउटर यात जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. आणि बोलणं दोन्हीकडून असतं. राउटर मोठ्याने ओरडला, तरी तुमच्या फोनचं बारीक उत्तर त्याच्यापर्यंत पोचायला हवं.

एवढं सगळं मला माहीत होतं. तरी मी आकड्यांच्या मागे गेलो. वाकडच्या फ्लॅटमधला माझा एसी1200 बरोबर आणलेला होता. चुलतभावाकडून त्याचा जुना एन300 मागून घेतला. आणि बारामतीहून एक नवा वायफाय 6 वाला आणला, साडेतीन हजारांचा, दुकानदाराकडून आठ दिवसांत परत घ्यायचं कबूल करून. तिघांना एकामागून एक सोप्यात त्याच खिळ्यापाशी ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो. आई स्वयंपाकघरातून बघत होती. "काय मोजतोय रं?" म्हणाली. "रेंज," म्हटलं. "मग सापडली का?"

सोप्यात तिघेही झकास. नवा सगळ्यात वेगवान. सिग्नल मोजतात डीबीएममध्ये, उणे आकड्यांत. उणे 40 म्हणजे उत्तम, उणे 70 च्या खाली व्हिडिओ कॉल अडखळू लागतो, आणि दर 10 ने सिग्नलची ताकद दहापट घटते. सोप्यात उणे 40 होतं. माजघरात कॉटशेजारी, रात्री लावतो तसं दार लावून, तिघांचाही 5 गिगाहर्ट्झ गायब. 2.4 वर तिघेही उणे 80 च्या आसपास. नवा जुन्यापेक्षा दोन-तीन अंकांनी बरा. दोन-तीन अंकांसाठी साडेतीन हजार.

कारण अवघड नाही. 5 गिगाहर्ट्झची लहर साधारण सहा सेंटिमीटर लांब, 2.4 ची साडेबारा. वारंवारता जितकी जास्त, तितकी भिंत ती लहर जास्त खाते. नवे राउटर पळतात ते मुख्यतः 5 वर. वाकडला ते बरोबरच आहे. तिथे फोनवर वायफायची यादी उघडली की पंचवीस-तीस शेजारी दिसतात, आणि 2.4 मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. तिथल्या पातळ भिंतींत 5 गिगाहर्ट्झ वरदान आहे. पणदऱ्यात माझ्या यादीत आमचं धरून तीन नावं. 2.4 चं रान मोकळं होतं आणि भिंत दोन फुटी. इंटरनेटवरचे सगळे रिव्ह्यू वाकडसारख्या घरांत बसून लिहिलेले होते, आणि मी ते पणदऱ्यात वाचत होतो.

मग रिपीटर लावला. तो माजघराच्या दाराशी ठेवला, तर त्यालाच अर्धामुर्धा सिग्नल मिळायचा. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तोच मजकूर पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. केबलवाल्याला म्हटलं, फायबरच आत आणून द्या. फायबर कापून जोडायला वेगळं मशीन लागतं, ते घेऊन येतो म्हणाला. आला नाही.

तोवर कॉल थांबत नव्हते. तिसऱ्या दिवशी माझा चेहरा दोनदा गोठला आणि मॅनेजरचा मेसेज आला, 'सगळं ठीक?' त्या रात्री रिलीज होती. मी लॅपटॉप उचलला आणि सोप्यात जाऊन बसलो. आईला म्हटलं, तू झोप, मी जागाच आहे. थंडी होती म्हणून माजघराचं दार ओढून घेतलं. कानांवर हेडफोन, तोही बाहेरचा आवाज मारणारा, कारण रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जात होते.

कॉल मस्त झाला. एकदाही तुटला नाही. बाराच्या सुमारास हेडफोन काढून आत गेलो, तर आप्पा कॉटच्या पायाशी जमिनीवर बसलेले. वॉकर आडवा. त्यांनी मला दोन-तीनदा हाक मारली होती. मग आईला उठवायला नको म्हणून स्वतःच उठायला गेले. पडले नव्हते, कॉट धरून घसरत खाली बसले होते, आणि तसेच थांबले होते. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. मी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. "तुझं काम चाललेलं," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तीन राउटरची तुलना केली होती, एकेक आकडा लिहून ठेवला होता, आणि त्या तक्त्यात आप्पांच्या हाकेसाठी रकाना नव्हता.

सकाळी आप्पांनीच विषय काढला. "तुझं ते हिकडं का चालत न्हाई?"

म्हटलं, भिंत आडवी येते.

"मग वायर घे की आत."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. वायर घेणं मला हरल्यासारखं वाटत होतं. वायरलेस म्हणून तर आणलं होतं सगळं. शिवाय दारातून वायर घेतली, तर ती उंबऱ्यावर वॉकरच्या वाटेत येणार, आणि दार लावलं की चेमटणार. भिंतीला भोक पाडू का, हे आप्पांना विचारायची माझी हिंमत नव्हती. ही भिंत त्यांच्या वडिलांनी, तात्यांनी बांधलेली.

"भोक हाय तिथं," आप्पा म्हणाले. "देवळीच्या वर बघ. चिंधी कोंबलेली असंल."

स्टुलावर चढून बघितलं. चुन्याच्या पोपड्याखाली खरंच बोटभर जाडीचं भोक होतं आणि त्यात काळी पडलेली चिंधी. आप्पांनी कॉटवरून सांगितलं. तात्यांनी मोठा रेडिओ घेतला होता, तो सोप्यात असायचा. त्या काळी रेडिओला लायसन्स लागायचं आणि त्याचे पैसे पोस्टात भरायचे. तात्यांची आई, म्हणजे आप्पांची आजी, तेव्हा माजघरात अंथरुणाला खिळलेली. तिला कीर्तन ऐकायचं असायचं. म्हणून तात्यांनी वेगळा स्पीकर आणला आणि त्याची तार आत घ्यायला हे भोक पाडलं. "दोन दिस लागलं. छिन्नी मी धरलेली."

पुणे आकाशवाणी केंद्र 1953 सालचं, 792 किलोहर्ट्झवरचं. ती लहर साधारण 379 मीटर लांब. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून घरात येते, तिला दोन फुटांची भिंत फारशी जाणवत नाही. पण रेडिओतून निघालेला आवाज भिंतीने अडवलाच, आणि तात्यांनी त्यासाठी तार टाकली.

मी बारामतीला जाऊन नवा राउटर परत केला आणि पंधरा मीटर कॅट6 वायर घेतली. घेताना एवढं बघा, की आतली तार पूर्ण तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती टाळा. वायर त्या भोकातून आत घेतली. सोप्यातल्या डब्यापासून आलेलं टोक माझ्या एसी1200 च्या पोर्टात लावलं आणि तो माजघरात देवळीत ठेवला, ॲक्सेस पॉइंट मोडवर. हा मोड नसलेला राउटर असला तरी अडत नाही. त्यातलं डीएचसीपी बंद करायचं, त्याचा पत्ता मुख्य डब्याहून वेगळा द्यायचा आणि वायर लॅन पोर्टात लावायची. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच, चॅनेल एकाला 1, दुसऱ्याला 11. फोन जवळचा आपणच पकडतो. गावठाणाची लाइट गेली तर दोघांना एकेक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस. अडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते आधी बघायचं, काही राउटर नऊ व्होल्टचे असतात.

एकूण खर्च नव्या राउटरपेक्षा कमी आला. कॉटशेजारी सिग्नल उणे 38.

पुढचे अडीच महिने मी तिथेच बसून कॉल केले, हेडफोनचा एक कान उघडा ठेवून. आप्पांना झोप कमीच. "साहेब काय म्हणला?" असं ते मधूनच विचारायचे, आणि माइक चालू असेल तर न्यू जर्सीतल्या माणसालाही ते ऐकू जायचं. दुपारी मी त्यांच्या फोनवर कीर्तन लावून द्यायचो. मार्चमध्ये ते वॉकर सोडून काठीवर आले. मी वाकडला परतलो. तो राउटर देवळीतच राहिला.

आई आता स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉल करते. आधी ती नेहमी ओट्यावर येऊन बोलायची. मला वाटायचं, तिला तिथे बरं वाटतं.

परवा मावसभावाचा फोन आला. "कुठला राउटर घेऊ?" म्हटलं, आधी सांग, फायबर घरात कुठून येतं, भिंती कशाच्या आहेत, आणि मावशी दिवसभर कुठे बसते.

तो म्हणाला, "तू फक्त लिंक पाठव ना."