विटलेलं कुंकू

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला धाकटी बहीण करंडा हातात धरून थबकली. एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा. म्हणाली, "ताई, डाव्या डोळ्याला हे कुंकू विटकं दिसतंय गं." डोळा फिरवला की आत दुखतं, हेही तेव्हाच बोलली. आम्ही म्हटलं, नंबर वाढला असेल. त्यात नऊ दिवस गेले.

निघाला ऑप्टिक न्यूरायटिस, डोळ्यामागच्या नसेचा दाह. एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव घरात आलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच आपल्या नसांच्या वेष्टनावर उलटतात, तो आजार. शिरेतून स्टिरॉइड दिलं. काही आठवड्यांत ती तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचू लागली. आम्ही पेढे वाटले.

सहा महिन्यांनी आमच्या पनवेलमध्येच ओसीटी ही डोळ्याची तपासणी झाली. अंधारी खोली, हनुवटी टेकलेली. "हिरव्या खुणेकडे बघा, पापणी हलवू नका." डोळ्याला स्पर्शही नाही. क्षणात दृष्टिपटलाचा छेद पडद्यावर उमटला; इथून प्रबळगडाच्या कड्यात दिसतात तसे एकावर एक थर. १९९१ साली जगापुढे आलेली ही तपासणी प्रकाशाच्या परावर्तनावरून मायक्रॉनमध्ये जाडी मोजते. नसेच्या मुखाभोवतीचा तंतूंचा थर निरोगी डोळ्यात साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढा. तिचा उजवा ९८. डावा ७४.

नजर परतली होती, तंतू परतले नव्हते.

दृष्टिपटल गर्भात मेंदूतूनच फुटतं. तिथल्या तंतूंना मायलिनचं वेष्टन नसतं. म्हणून दाहाची सूज उतरल्यावर थर पातळ दिसला, तर तंतूच गेले असं समजायचं. काचबिंदूतही हा थर झिजतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान होत नाही. पण तक्ता जे लपवतो, ते हा आकडा सांगतो. मे महिन्यात स्टेशनवरून चालत आली की तिच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं, पंख्याखाली विरतं. त्या धुक्यामागच्या इजेची खूण मला त्या कागदावर दिसली.

डोळा हलवताना दुखला, लाल रंग एका डोळ्याला फिका वाटला, तर नंबरावर ढकलू नका. लगेच दाखवा; मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला, तर पुढच्या झटक्याची शक्यता कमी करणारं औषध तेवढं लवकर सुरू होतं.

यंदाही डावा ७४च भरला. वाढायचा नव्हताच, घटला नाही, म्हणून आम्ही पुन्हा पेढे आणले.