गोम

पावसाळा लागला की आमच्या हॉस्टेलवर दोन पाहुणे हमखास येतात. एक फर्स्ट इयरची पोरं आणि दुसरी गोम!

धाराशिव जिल्ह्यात राहून गोम पाहिली नाही असा माणूस सापडायचा नाही. दगडाखाली, उकिरड्यात, कडब्याच्या गंजीखाली, न्हाणीच्या मोरीपाशी. जिथे ओल तिथे ती. आपल्याकडे दिसणाऱ्या मोठ्या गोमांपैकी एक म्हणजे स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स. हे नाव तिला लिनिअसने १७५८ साली दिलं. म्हणीतल्या गोमेला शंभर पाय, पण हिला मोजून २१ जोड्या, म्हणजे ४२. गोमेच्या पायांच्या जोड्या सहसा विषमच असतात. त्यामुळे बरोब्बर शंभर पायांची गोम भेटणं कठीण. (एम-थ्रीच्या पेपरला असलं सोपं कधी विचारत नाहीत!)

तिच्या अंगावर कीटकांसारखा पाणी धरून ठेवणारा पक्का मेणाचा थर नसतो. कोरड्या हवेत ती वाळते. म्हणून दिवसा लपायचं आणि रात्री झुरळं, रातकिडे धरायचे. आता सांगा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात चोवीस तास ओल कुठे मिळणार? आमच्या बाथरूमच्या गळक्या नळाखाली!

गेल्या वर्षी पेपरच्या आदल्या रात्री माझा रूम पार्टनर ओरडत उठला. घोट्यावर दोन ठिपके आणि नुसती आग आग. कुणी म्हणे गोम, कुणी म्हणे फुरसं. ठिपक्यांवरून ओळखणार कसं? गोमेची विषारी नखं डोक्याखाली असतात, पायांच्या पहिल्या जोडीचीच ती झालेली. त्यांचीही खूण दोन ठिपक्यांचीच. एक जण ब्लेड शोधू लागला, दुसरा नाडीने पाय आवळू लागला. वॉचमन काका धावत आले आणि दोघांवरही खेकसले, "आरं पोराहो, कापू नका, बांधू नका. आधी दवाखाना गाठा. हातरूण मी झाडतो."

डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं. फुरशाचं विष भिनलं असेल तर रक्त गोठत नाही म्हणे. ती वीस मिनिटं आम्ही तिघे त्या नळीकडे बघत बसलो. घरी फोन लावू का विचारलं तर हा म्हणाला, "नको, आई घाबरंल." आवाज मात्र त्याचाच कापत होता.

रक्त गोठलं. तेवढ्यात काकांचा फोन आला, चादरीच्या घडीत चांगली चार बोटं लांब गोम निघाली होती. तरी डॉक्टरांनी त्याला पहाटेपर्यंत सोडलं नाही. मग सुजलेला पाय चपलेत कोंबून गडी पेपरला! विषय निघाला, हे विशेष.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गणी काढून नळाला नवा वॉशर बसवला. मोरी आता कोरडी असते. गोमा मागच्या आंब्याच्या पाचोळ्यात दिसतात आणि काका तिथे कुणाला रॉकेल ओतू देत नाहीत. झुरळं मात्र कुठेच गेलेली नाहीत.