आमची टीम कॅनडा

आमच्या जत गावात कॅनडाच्या फुटबॉल संघाचा एकच समर्थक आहे, आणि तो म्हणजे आम्ही. ‘आम्ही’ म्हणजे पुष्कळ माणसं असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही उर्दू शाळेत मास्तर आहोत. दिवसभर मुलांपुढे ‘हम’ म्हणून बोलायची जिभेला सवय लागली आहे. मराठीत लिहायला बसलो की तोच ‘हम’ ‘आम्ही’ होऊन कागदावर उतरतो. घरात मंडळी हसतात. म्हणतात, “पगार एकाचा, और बात दस आदम्यां की!”

तर कॅनडा. या देशाशी आमचा काडीचा संबंध नाही. तिथे आमचं कुणी राहत नाही. नकाशात दाखवता येतो, बर्फ पडतो, एवढीच ओळख. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये कतारला विश्वचषक सुरू झाला, मोबाईलवर सामने फुकट दिसू लागले, आणि कॅनडाचा संघ ३६ वर्षांनी या स्पर्धेत आल्याचं आमच्या वाचनात आलं. याआधी तो १९८६ साली आला होता. तेव्हा तीन सामने खेळला, तिन्ही हरला आणि एकही गोल न करता परत गेला. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला असा संघ जवळचा वाटला तर नवल काय? वाट पाहणं आणि हात हलवत परत येणं, या दोन्ही गोष्टी जतच्या माणसाला शिकवाव्या लागत नाहीत.

पहिला सामना बेल्जियमशी होता. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. घरातले सगळे झोपलेले, आम्ही रजई अंगावर घेऊन मोबाईल बघतोय. सुरुवातीलाच कॅनडाला पेनल्टी मिळाली. अल्फोन्सो डेव्हिसनं बॉल मारला आणि गोलकीपरनं अडवला. शेवटी एक-शून्यनं हरले. पण चार दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला याच डेव्हिसनं डोक्यानं बॉल जाळ्यात घातला. विश्वचषकातला कॅनडाच्या पुरुष संघाचा तो पहिला गोल. आम्ही असे ओरडलो की धाकटा दचकून उठला. पुढे क्रोएशियानं चार गोल केले, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात आम्ही भूगोल बाजूला ठेवला आणि डेव्हिसची गोष्ट सांगितली. आईबाप लायबेरियाचे. तिथे यादवी युद्ध पेटलं म्हणून पळाले. घानातल्या निर्वासितांच्या छावणीत २००० साली हा मुलगा जन्मला. पाच वर्षांचा असताना कॅनडात आला. आता त्याच देशासाठी खेळतो. पोरं गप्प बसून ऐकत होती. एकानं हात वर केला.

“सर, अपन कर्नाटक में गए तो अपना उर्दू स्कूल रहेगा क्या?”

आम्ही खडू हातात धरून तसेच उभे राहिलो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. त्याच आठवड्यात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगण्याची भाषा केली होती. या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, असा त्यांचा आधार होता. महाराष्ट्र सरकारनं उत्तर दिलं की तो ठराव २०१२ सालचा, जुना. एकही गाव जाणार नाही. टीव्हीवाले गाड्या घेऊन उमदी, संख, तिकोंडीकडे धावले. जे रस्ते एरवी कुणाला आठवत नाहीत त्यांवर कॅमेरे उभे राहिले. तिकोंडीच्या तलावात कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी आलं आणि लोकांनी ते डोळे भरून पाहिलं. लगेच इकडून विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे २,००० कोटींची भाषा सुरू झाली.

या प्रश्नावर आमचं मत साधं आहे. माणूस भाषेसाठी भांडतो हे खरं, पण तहानेला भाषा नसते. आमच्या पूर्व भागात घरात कानडी, बाजारात मराठी आणि मोहल्ल्यात दखनी चालते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला आणि जतच्या यल्लम्माच्या जत्रेला दोन्हीकडची माणसं येतात. जत्रेत कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठल्या राज्याचा. प्रश्न विचारला जातो तो नळाला पाणी का नाही, हाच. त्याला उत्तर मिळालं नाही म्हणून गावांनी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. सुनेनं ‘माहेरी जाते’ म्हटलं की सासरची मंडळी खडबडून जागी होतात ना, तसंच ते होतं. तिला खरोखर जायचं असतं असं नाही. घरात कुणीतरी आपलं ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं असतं.

पण हे शहाणपण वर्गात त्या पोराला कसं सांगायचं? आम्ही म्हणालो, “बेटा, स्कूल कहीं नहीं जाता. तू रोज आता जा.” त्याचं समाधान झालं की नाही, अल्ला जाणे.

१ डिसेंबरला कॅनडाचा तिसरा सामना होता आणि समोर मोरोक्को. आता आली का पंचाईत! इशाची नमाज आटोपून मोहल्ल्यातली सगळी तरुण मंडळी एका दुकानातल्या टीव्हीपुढे जमली. सौदीनं अर्जेंटिनाला हरवल्यापासून पोरांच्या अंगात वारं शिरलेलं. सगळे मोरोक्कोच्या बाजूचे. कोपऱ्यात आम्ही एकटे कॅनडाचे. चौथ्याच मिनिटाला कॅनडाच्या गोलकीपरनं घोडचूक केली आणि गोल झाला. पोरांनी आमच्याकडे वळून टाळ्या पिटल्या. “क्या सर, किसकू पकड के बैठे तुमे!” दोन-एकनं हरलो. कॅनडाचा ३९ वर्षांचा कप्तान हचिन्सन, त्याचा हेडर आडव्या दांड्याला लागून परत आला तेव्हा मात्र आमच्याबरोबर दोघंतिघं हळहळले. तेवढीच आमची कमाई.

आम्हाला त्या सामन्यात एक गंमत दिसली ती पोरांना सांगितली. मोरोक्कोचा गोलकीपर बूनू जन्मला कॅनडात, मॉन्ट्रियलला. कॅनडाचा गोलकीपर बोर्यान जन्मला क्रोएशियात. मोरोक्कोचा हकीमी माद्रिदमध्ये जन्मलेला आणि पुढे त्यानंच शेवटची पेनल्टी मारून स्पेनला घरी पाठवलं. मग कोण कुणाचा? माणूस जिथे जन्मला तिथला, की जिथे राबला तिथला, की आईबाप जिथले तिथला? पोरं म्हणाली, “सर, मॅच देखने दो.”

मोरोक्को पुढे जात राहिलं. १० डिसेंबरला पोर्तुगालला हरवून उपांत्य फेरीत पोहोचलं. तिथवर जाणारा पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ. त्या विजयानंतर एक खेळाडू आपल्या बुरखेवाल्या... नव्हे, हिजाब घातलेल्या आईबरोबर मैदानावर नाचला. ते बघून आमच्या अम्मी पदरानं डोळे पुसायला लागल्या. फुटबॉल त्यांना ठाऊक नाही. पोरगा आईला विसरला नाही, एवढं त्यांना कळलं.

सोमवारी चहाच्या गाडीवर आमचे एक जुने स्नेही भेटले. चांगला माणूस. अडीअडचणीला धावून येणारा. हसत म्हणाले, “काय सर, तुमची मोरोक्को जोरात आहे!”

आम्ही म्हणालो, “आमची तर कॅनडा. ती कधीच हरली.”

ते मोठ्यानं हसले. आम्हीही हसलो. पण ‘तुमची’ हा शब्द दिवसभर चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. गावात कित्येकजण ब्राझीलचे झेंडे लावतात, मेस्सीचे शर्ट घालतात. त्यांना ‘तुमचं ब्राझील’ म्हणतात ते गमतीनं. आम्हाला म्हटलं की त्या गमतीखाली एक प्रश्न दबा धरून बसलेला असतो. क्रिकेटच्या सामन्याला तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा खरं सांगायचं तर कॅनडाची बाजू घेण्यात आमचा थोडा भित्रेपणाही असेल. कॅनडाबद्दल कुणी काही विचारत नाही!

मराठी आम्ही मोठेपणी नीट शिकलो. बी.एड.ला असताना एक गोष्ट लक्षात आली होती. मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. किताबी उर्दूत दोन्हीला एकच ‘हम’. आमच्या दखनीनं मात्र ‘अपन’ घेऊन ठेवला आहे. वर्गातल्या त्या पोरानं ‘हम’ म्हटलं नव्हतं, ‘अपन कर्नाटक में गए तो’ म्हटलं होतं. त्याच्या ‘अपन’मध्ये सगळा तालुका होता.

आम्हाला मतांची कधीच टंचाई नव्हती. पाण्याची होती. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजेतून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. आम्ही स्टाफरूममध्ये तासभर भाषण केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, शहर बुडालं, आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे टँकर चालू. त्यावरही भाषण केलं. कतारची मैदानं परदेशी मजुरांच्या घामावर उभी राहिली, त्यावर केलं. आमचा मावसभाऊ दोह्यात एसी दुरुस्त करतो. तो फोनवर म्हणाला, “भाई, बोलनेवाले सब घर में बैठ के बोलते. इधर धूप अलग है.” आम्ही ते वाक्यसुद्धा दुसऱ्या दिवशी भाषणात वापरलं.

कॅनडाच्या नादानं आम्ही शाळेसाठी एक बॉल विकत आणला. मैदान म्हणजे मुरूम आणि खडे. मुलं खेळायला लागली. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना, कारण पडलं की गुडघे फुटतात. सातवीतली एक मुलगी पुढे आली. ओढणी कमरेला बांधून अशी झेप घ्यायची की मुलं बॉल मारायला बिचकायची. आम्ही तिला ‘बूनू’ म्हणायला लागलो.

२०२३ मध्ये पावसानं डोळे वटारले. टँकर सुरू झाले. बूनू शाळेत उशिरा येऊ लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आम्ही तिला वर्गाबाहेर उभं केलं. वर शिस्तीवर दहा मिनिटं बोललो. ती खाली मान घालून उभी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

आठ दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. वस्ती गावापासून लांब. दारात निळं प्लॅस्टिकचं बॅरल आणि रिकाम्या घागरींची रांग. आईबाप ऊसतोडीला गेलेले. दादी आणि दोन धाकटी भावंडं घरात. दादी म्हणाल्या, “सर, टँकर का टाइम नहीं. कभी सुबू आता, कभी दोपार कू. मेरे से घागर नहीं उठता. ये छोकरी नहीं रही तो पानी कौन भरता?” मुलगी दाराआड उभी होती. आम्ही विचारलं, “बेटा, उस दिन बोली क्यूं नहीं?” ती म्हणाली, “सर, तुमे पूछेच नहीं.”

पंधरा वर्षं आम्ही पाण्यावर मत देत होतो. ज्या मुलीच्या डोक्यावर ते पाणी होतं तिला आम्ही बाहेर उभं केलं, आणि का उशीर झाला एवढं एक वाक्य विचारलं नाही. राज्यकर्त्यांनी आमच्या गावांना जे केलं तेच आम्ही तिला केलं. फरक एवढाच की तिच्याजवळ ठराव करायला ग्रामपंचायत नव्हती.

त्यानंतर फार मोठं काही घडलं नाही. वस्तीवरच्या दोन घरांशी बोललो. टँकर आला की त्यांनी दादीचं बॅरल भरून ठेवायचं, असं ठरलं. ज्या दिवशी ते जमत नाही त्या दिवशी ती उशिरा येते, आम्ही काही म्हणत नाही, बुडालेला धडा दुपारच्या सुट्टीत घेतो, असं वर्षभर चाललं. ती सातवी पास झाली आणि आठवीला गेली. म्हैसाळच्या विस्तारित योजनेचं काम पुढे सुरू झालं. पाणी प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल, इन्शाअल्ला.

२०२६ चा विश्वचषक कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या तीन देशांना मिळून देण्यात आला. तीन देश एक खेळ वाटून घेऊ शकतात. मग कोयनेचं पाणी उन्हाळ्यात खाली कर्नाटकाला जावं आणि त्या बदल्यात तुबचीचं पाणी वर जतला यावं, हा वर्षानुवर्षं चर्चेत असलेला हिशेब दोन राज्यांना का जुळू नये? हे पुन्हा आमचं मत झालं. सवय सुटत नाही.

पण आता मत देण्याआधी आम्ही एकदा विचारून घेतो. बूनूलाही विचारलं होतं, “तेरी टीम कौनसी?” तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “अपनी स्कूल की, सर.”