गरम करून ठेवलेली गाडी

जुनी मोटारसायकल पाहायला गेलात तर बोलणी सुरू करण्याआधी इंजिनाजवळ हात नेऊन पाहा. ते गरम लागलं, तर तुम्ही येणार म्हणून गाडी आधीच चालू करून ठेवली होती असं समजा. घासलेल्या इंजिनाचं सोंग पहाटेच्या पहिल्या किकला उघडं पडतं. एकदा तापलं की तेच इंजिन शहाण्या पोरासारखं वागतं.

माझा भाचा अकोल्याचा. गावोगाव फिरून कपडे विकतो. भिशीचे 30 हजार हातात आले आणि त्याचं मन अमरावतीतल्या एका काळ्या स्प्लेंडरवर बसलं. 1994 साली आलेली ही 97 सीसीची गाडी वऱ्हाडात दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांची, त्यामुळे जुनी झाली तरी भाव सोडत नाही. या गाडीची टाकी चकचकीत, सीट नवी, मालक ओळखीतला. "एका किकमधी चालू होते भाऊ, हायवेवर पळवून पाहा," तो म्हणाला.

आता आपला हायवे कसा? जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्याच्या एका लेनवर 75 किलोमीटर सलग डांबर साडेपाचशे-सहाशे नव्हे, अवघ्या 105 तासांत टाकलं, गिनीज बुकात नोंद झाली. अशा सपाट रस्त्यावर दम गेलेली गाडीही पळते. मागे कपड्यांचं गाठोडं बांधून शेतरस्त्याने जाताना किंवा चिखलदऱ्याच्या चढावर ती काय करते, ते वेगळं.

मी सोबत आमच्या उस्तादांना नेलं होतं. त्यांनी हात लावला आणि एवढंच विचारलं, "गाडी काहून तापवली?" मग प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज बसवलं, इग्निशन बंद ठेवलं, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायला लावला (तो अर्धवट धरला तर आत हवा कमी जाते आणि आकडा खोटा येतो) आणि काटा थांबेपर्यंत किक मारल्या. काटा 85 पौंडांवर थांबला. अशा गाडीत तो 100 च्या बराच वर हवा.

पण कमी आकडा आला म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. टॅपेट आवळून बसले असतील तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब तिथूनच निसटतो. ते काम स्वस्तातलं. म्हणून उस्तादांनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा किक मारल्या. ऑइलने पिस्टन रिंगच्या फटी थोडा वेळ बुजतात. आकडा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. चढला तर रिंगा नाहीतर बोअर घासलेला. काटा 125 वर गेला. म्हणजे बोअर-पिस्टनचं काम. आमच्याकडच्या धुळीत एअर फिल्टर साफ न करता गाडी चालवली की हेच होतं.

मी भाव कमी करायला सांगितलं. मालक दुखावला. "ओळखीत कोणी प्लग उघडून पाहते का?"

मला तेव्हा त्याचा राग आला नाही, भाच्याचा आला. तो मान खाली घालून उभा होता, जणू चोरी आमचीच पकडली गेली होती. नंतर म्हणाला, "मामू, त्यांना वाईट वाटलं." ज्याच्या खिशात दुरुस्तीला पैसे नाहीत तोच तपासायला लाजतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पैसेवाला माणूस बिनदिक्कत सगळं खोलायला लावतो आणि त्याला लोक चोखंदळ म्हणतात.

आपानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि त्याला एकच विचारलं, "भिशीचे हप्ते अजून किती भरायचेत?" नऊ बाकी होते.

तीन आठवड्यांनी मूर्तिजापुरात दुसरी मिळाली. टाकीला पोचा, रंग उडालेला, इंजिन थंडगार. गेजवर 140. टाकीवर तो अजून कपडा टाकून ठेवतो, पोचा दिसू नये म्हणून.

ती काळी गाडी आठवड्याभरात पूर्ण भावाने गेली. घेणारा बडनेऱ्याचा, पहाटे पाव पोचवायला निघतो म्हणे.